शेतकऱ्याची दोन खाती



मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या आयुष्यात 'खाते' हा शब्द दोन ठिकाणी येतो. एक खाते गावच्या महसुली दप्तरातले. आठ-अच्या उताऱ्यावर त्याचा क्रमांक असतो आणि त्याच्यामुळेच शेतकरी 'खातेदार' म्हणवला जातो. दुसरे खाते बँकेतले, ज्याचा क्रमांक पासबुकाच्या पहिल्या पानावर असतो. पहिल्या खात्याबाबत हा माणूस कमालीचा जागरूक असतो. बांध हातभर सरकला तरी त्याला कळते, उताऱ्यात एका गुंठ्याची चूक झाली तर तो तहसीलच्या पायऱ्या झिजवतो, आणि भावाभावांत वाटणी झाली की फेरफाराची नोंद ओढली गेली की नाही याची चौकशी केल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. दुसऱ्या खात्याबाबत मात्र चित्र उलटे दिसते. शेवटचे पासबुक कधी भरून आणले हे त्याला आठवत नाही, कोणती रक्कम कशाची आली हे सांगता येत नाही, आणि काही रक्कम कापली गेली असली तर ती का कापली हे विचारावे असेही त्याला वाटत नाही. एकाच माणसाच्या दोन खात्यांबाबत एवढा फरक का पडावा? शेतकरी समाजात डिजिटल बँकिंगचा प्रसार कसा व्हावा, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे आणि त्याचा गाभा याच प्रश्नात आहे.

डिजिटल बँकिंग म्हणजे काय, हे आधी स्पष्ट झालेले बरे. शाखेत न जाता आणि कागदी पावती न भरता मोबाइल, कार्ड किंवा अंगठ्याच्या ठशाच्या आधारे खात्यातील पैसा पाहणे, पाठवणे, स्वीकारणे किंवा काढणे, एवढाच त्याचा अर्थ. या व्यवहाराकडे शेतकरी अजून पुरेसा वळला नाही, असे म्हटले की लगेच कारणे पुढे केली जातात: तो शिकलेला नाही, तो यंत्राला भितो, रोखीची सवय त्याला सुटत नाही. म्हणून शिबिरे भरवा, फलक लावा, पथनाट्ये करा. हे निदान अपुरे आहे. हाच शेतकरी सकाळी चहाच्या वेळी लातूरच्या मोंढ्यातला सोयाबीनचा भाव व्हॉट्सअ‍ॅपवर पाहतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत तो बांधावर उभा राहून स्वतःच्या पिकाचे छायाचित्र सरकारला पाठवतो. पिकाचे नुकसान झाल्यावर ७२ तासांच्या आत विमा कंपनीला मोबाइलवरून कळवण्याची धडपडही त्याने केलेली आहे. ज्याला एवढे जमते त्याला पैसे पाठवण्याचे चार टप्पे जमणार नाहीत, असे कोणत्या आधारावर म्हणायचे? अडचण यंत्राची नाही. अडचण भरवशाची आहे, आणि त्या भरवशाला इतिहास आहे.

तो इतिहास या भूमीत निजामाच्या राजवटीपासून सुरू होतो. १९४८ पूर्वीच्या मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का चालत असे, तर पलीकडच्या इंग्रजी मुलखात कलदार रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशोब जुन्या माणसांच्या तोंडी असे. मराठवाडा मुक्त झाला आणि पुढच्या दशकभरात हाली चलनातून गेला. ज्याच्या पेटीत हाली होता त्याला, तो बदलून घ्यायचा असतो, हे कोणीतरी सांगावे लागले. पुढे ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्या आणि १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना त्या बदलून देण्यास मनाई झाली. ज्यांचे सारे व्यवहार गावच्या सोसायटीमार्फत जिल्हा बँकेशी जोडलेले होते असे शेतकरी ऐन रब्बीच्या पेरणीत उघडे पडले. पैशाचे रूप बदलते तेव्हा ज्याला ती बातमी सर्वांत शेवटी कळते, त्याच्या पदरी तोटा येतो. या परिसरातील शेतकऱ्याची ही पिढीजात समजूत आहे. ती अडाणीपणाची खूण समजणे अन्यायाचे ठरेल.

बँक या संस्थेशी त्याचा संबंध तसा अलीकडचा आहे. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये केलेल्या ग्रामीण कर्ज पाहणीत शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी जेमतेम ३ टक्के कर्ज सहकारी संस्थांचे होते, तर सुमारे ७० टक्के सावकारांचे होते. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७५ मध्ये प्रादेशिक ग्रामीण बँकांची कल्पना आली आणि तिच्यातून १९७६ मध्ये नांदेड येथे मराठवाडा ग्रामीण बँक उभी राहिली. १९४१ मध्ये स्थापन झालेली आणि खेड्यापाड्यांत 'हैदराबाद बँक' म्हणूनच ओळखली गेलेली बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मराठवाडा ग्रामीण बँकही विलीनीकरणांतून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत सामावली गेली आणि १ मे २०२५ पासून सगळ्या राज्यासाठी ही एकच ग्रामीण बँक राहिली. या फेररचनेची आर्थिक कारणे असतीलही. पण प्रत्येक वेळी पाटी बदलली, पासबुक बदलले, शाखेचा सांकेतिक क्रमांक बदलला, आणि काउंटरमागचा ओळखीचा चेहरा गेला. ज्या काळात शेतकऱ्याला 'आता बँक मोबाइलमध्ये आली' असे सांगितले गेले, त्याच काळात त्याच्या ओळखीची बँक त्याच्यापासून दुरावत होती.

आता मूळ मुद्दा. गेल्या दहा-बारा वर्षांत शेतकऱ्याच्या खात्यात पैसा येण्याच्या वाटा झपाट्याने वाढल्या. २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेल्या जनधन योजनेत देशभर ५६ कोटींहून अधिक खाती उघडली गेली. २०१९ पासून पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये तीन हप्त्यांत येऊ लागले, २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे तेवढेच आणखी येऊ लागले, आणि त्यांच्या जोडीला विमा, अतिवृष्टीचे अनुदान, हमीभाव केंद्रावर घातलेल्या सोयाबीनचे पैसेही खात्यावरच जमा होतात. या वाटांनी येणारा पैसा पूर्णपणे डिजिटल झाला. मग जाणारा पैसा का झाला नाही? खात्यात रक्कम आल्याचा संदेश मिळताच शेतकरी ती सगळी एकदम काढून आणतो, हे सगळ्यांना माहीत आहे. का काढतो, हे फार थोडे जण विचारतात.

याचे एक मोठे कारण म्हणजे ज्याला बँकेच्या भाषेत 'होल्ड' म्हणतात तो प्रकार. पीककर्ज थकले की बँक त्या शेतकऱ्याच्या बचत खात्यातली रक्कम अडवते. खात्यात पैसे दिसतात, पण काढता येत नाहीत. अतिवृष्टीच्या मदतीची किंवा अनुदानाची रक्कम कर्जात वळती करू नये, असे शासनाने वेळोवेळी बजावलेले आहे. तरी प्रत्येक अवर्षणानंतर आणि प्रत्येक पुरानंतर अशा तक्रारी तालुक्या-तालुक्यांतून येतच राहतात. ज्याने एकदा असा अनुभव घेतला, किंवा शेजाऱ्याला तो घेताना पाहिले, तो आडत दुकानात माल घातल्यावर पट्टीचे पैसे रोखच मागणार. खात्यावर मागितले तर ते आपल्या हाती येतील की नाही, याची त्याला खात्री नसते. दुकानदाराने क्यूआर कोडचा फलक लावला किंवा न लावला, त्याने या शंकेत काही फरक पडत नाही.

इथे पहिल्या खात्याची आठवण ठेवावी. सातबाऱ्यावर एखादी नोंद बदलायची असेल तर कायद्याने संबंधितांना नोटीस द्यावी लागते, हरकत घेण्यासाठी १५ दिवसांची मुदत द्यावी लागते, आणि हरकत आली तर सुनावणी घेऊन निर्णय करावा लागतो. महसूल खात्याच्या कारभाराबद्दल कितीही तक्रारी असोत, जमिनीच्या खात्याला हा मान आहे. बँकेच्या खात्यावर होल्ड लागतो तेव्हा शेतकऱ्याला काय मिळते? बहुतेक वेळा काहीच नाही. पैसे काढायला गेल्यावरच त्याला ते कळते. जे खाते आपल्याला न विचारता बंद होऊ शकते, त्याला माणूस आपले कसे म्हणेल?

दुसरे कारण समजून घेण्यासाठी मार्च महिन्यात गावात यावे लागते. शेतकरी ज्याला 'नवं-जुनं करणे' म्हणतात, तो या महिन्याचा मुख्य व्यवहार. किसान क्रेडिट कार्ड ही योजना १९९८ ची आहे. तिच्यामागची कल्पना खरोखर चांगली आहे: शेतकऱ्याला त्याच्या क्षेत्रानुसार आणि पिकानुसार कर्जाची मर्यादा ठरवून द्यायची, त्याने लागेल तेवढेच उचलायचे, माल विकला की भरायचे, पुन्हा लागले की पुन्हा उचलायचे, आणि व्याज फक्त उचललेल्या रकमेवर, तेवढ्याच दिवसांचे. तीन लाखांपर्यंतच्या कर्जावर ७ टक्के व्याज, वर्षाच्या आत फेडले तर केंद्राची ३ टक्के सवलत, आणि उरलेला भार राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेतून, अशी व्यवस्था असल्यामुळे वेळेवर फेडणाऱ्याला हे कर्ज बिनव्याजी पडते. कागदावर याहून सोयीचे काही असू शकत नाही.

प्रत्यक्षात काय होते? जूनमध्ये शेतकरी मर्यादेतली सगळी रक्कम एकाच दिवशी उचलतो, कारण मागे ठेवलेली रक्कम नंतर मिळेल याचा त्याला भरवसा नसतो. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघते, तेव्हाच भाव पडलेले असतात. त्या पैशातून हरभऱ्याचे बियाणे, मजुरी, दुकानाची उधारी, मुलांची फी आणि दिवाळी भागवावी लागते. मार्च येतो तेव्हा हातात काही नसते, आणि सवलत टिकवायची तर मुद्दल एकरकमी भरणे भाग असते. अशा वेळी गावातला किंवा तालुक्यातला एखादा खासगी सावकार चार-आठ दिवसांसाठी रक्कम देतो. ती बँकेत भरली जाते आणि जुने कर्ज मिटते. मग नव्या कर्जासाठी सातबारा, आठ-अ, इतर बँकांची बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याचा दाखला, अशी कागदपत्रे जमवली जातात, आणि नवे कर्ज मंजूर झाले की ती रक्कम सावकाराच्या हाती त्याच्या व्याजासह जाते. मंजुरीला चार दिवसांऐवजी चाळीस दिवस लागले तर त्या चाळीस दिवसांचे व्याज सावकार वसूल करतो. बँकेच्या अहवालात हे कर्ज वेळेवर फेडलेले आणि पुन्हा वाटलेले दिसते, शासनाच्या अहवालात ते बिनव्याजी दिसते. शेतकऱ्याच्या घरात मात्र त्याची किंमत मोजलेली असते, आणि ती कोणत्याही अहवालात दिसत नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या पाहणीतला सावकार गेला, असे ज्यांना वाटते त्यांनी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या शाखेसमोर तासभर उभे राहावे.

डिजिटल बँकिंगचा पहिला उपयोग इथे व्हायला हवा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळू लागला. बँकांनी महसुली नोंदी थेट पाहाव्यात आणि शेतकऱ्याला कागदांसाठी फिरवू नये, अशी यंत्रणा रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने २०२३ पासून आकार घेत आहे. जमिनीचे पहिले खाते आणि बँकेचे दुसरे खाते अशा रीतीने एकमेकांशी बोलू लागले, तर सकाळी जुने कर्ज भरणाऱ्या शेतकऱ्याला दुपारी नवे उचलता येईल, आणि सावकाराच्या आठ दिवसांची गरजच उरणार नाही. हे घडले, तर मोबाइलवर बँक वापरा, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागेल का? ज्या साधनाने त्याचे चार-पाच हजार वाचतात ते साधन तो रात्री जागून शिकेल. परंतु प्रचाराचा जोर कुठे आहे? किराणा दुकानातल्या दहा-वीस रुपयांच्या व्यवहारावर. तोही व्हावा, पण जिथे शेतकऱ्याचे रक्त सांडते ती जखम आधी बांधली पाहिजे.

याच तंत्रज्ञानाचे चांगले आणि वाईट असे दोन्ही अनुभव नांदेड-लातूर जिल्ह्यांनी घेतलेले आहेत आणि ते शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. २०१७ च्या कर्जमाफीत शेतकऱ्याने ऑनलाइन अर्ज भरावा अशी अट होती. पती-पत्नी दोघांनी केंद्रावर जायचे, सर्व्हर बंद म्हणून परत यायचे, पुन्हा रात्री रांग लावायची, आणि शेवटी यादीत नाव आहे की नाही हे महिनोन्‌महिने कळायचे नाही. शेतकऱ्याच्या मनात 'ऑनलाइन' या शब्दाला रांगेचा अर्थ चिकटला तो तिथे. २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत पद्धत बदलली. अर्ज नव्हता. बँकांनी दिलेल्या माहितीवरून याद्या तयार झाल्या, त्या शाखेत आणि चावडीवर लागल्या, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक मिळाला, आणि केंद्रावर अंगठा लावल्यावर त्याच्या कर्जाची रक्कम पडद्यावर आली. ती मान्य असेल तर मान्य म्हणायचे, मान्य नसेल तर तसे नोंदवायचे आणि तक्रार जिल्हा समितीपुढे जायची. यंत्र तेच, अंगठा तोच. पण दुसऱ्या वेळी शेतकऱ्याला स्वतःचा आकडा दिसला, आणि 'हा आकडा चूक आहे' असे म्हणण्याची जागा मिळाली. ही योजना सर्वांपर्यंत पोहोचली असे नाही. नियमित फेडणाऱ्यांना बरीच वाट पाहावी लागली. तरीही पद्धत म्हणून ती अभ्यासली पाहिजे.

आता अंगठ्याविषयी थोडे अधिक. आधार क्रमांक आणि बोटांचा ठसा यांच्या आधारे गावातच पैसे काढण्याची जी सोय आहे, तिला आधार आधारित पेमेंट म्हणतात. ती चालवणारा बँक प्रतिनिधी, म्हणजे गावकऱ्यांच्या भाषेत 'मिनी बँकवाला', हा २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने दिलेल्या परवानगीतून निर्माण झाला. किनवट-माहूरच्या डोंगरातल्या पाड्यांपासून जळकोट-अहमदपूरच्या तांड्यांपर्यंत आज खरी बँक हीच आहे. एका टेबलावर लॅपटॉप किंवा मोबाइल, त्याला जोडलेले काडेपेटीएवढे यंत्र, त्यात लाल प्रकाश. समोर उभी असलेली बाई आठ दिवस कापूस वेचून आलेली असते. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी तिची बोटे चिरलेली असतात आणि ठशाच्या रेषा पुसट झालेल्या असतात. ती अंगठा ठेवते, यंत्र नाही म्हणते. प्रतिनिधी सांगतो, बोट ओल्या फडक्याने पुसा. ती पुसते, पदराला कोरडे करते, पुन्हा ठेवते. मग तर्जनी, मग दुसऱ्या हाताची बोटे. ऊसतोडीहून परतलेल्या माणसाची हीच गत. ज्या हातांनी सर्वाधिक काम केले, नेमके तेच हात यंत्राला ओळखू येत नाहीत. श्रमाची ही खूण चूक म्हणून नोंदली जाऊ नये, यासाठी चेहरा किंवा डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवण्याची सोय प्रत्येक केंद्रावर असणे ही दयेची बाब नाही, हक्काची आहे.

याच टेबलाशी फसवणुकीची एक साधी रीत जन्मते. 'ठसा आला नाही, पुन्हा लावा' असे सांगून दुसऱ्यांदा अंगठा घेतला जातो आणि खात्यातून रक्कम दोनदा जाते. म्हणून प्रत्येक व्यवहाराची छापील पावती मागणे, आणि पावतीवरची शिल्लक कोणाकडून तरी वाचून घेणे, ही सवय अ‍ॅप शिकण्याच्या आधी लागली पाहिजे. बँकेच्या वतीने सेवा देताना प्रतिनिधीला ग्राहकाकडून वेगळे पैसे घेता येत नाहीत, हेही गावात माहीत हवे. परंतु न्याय दोन्ही बाजूंनी व्हावा. या प्रतिनिधींपैकी बहुतेक गावातलीच शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांना मिळणारे कमिशन तुटपुंजे असते, आणि रोख आणण्यासाठी स्वतःच्या जोखमीवर तालुक्याला जावे लागते. केनियात २००७ मध्ये सुरू झालेली एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवण्याची पद्धत जगभर नावाजली गेली, ती कोपऱ्या-कोपऱ्यावर बसलेल्या दुकानदार प्रतिनिधींच्या बळावर. तिथे पैसा मोबाइलमध्ये होता, पण भरवसा ओळखीच्या माणसावर होता. उलट आपल्याकडे ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्याचे धसई हे गाव १ डिसेंबर २०१६ ला राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर झाले, दुकानांत कार्डाची यंत्रे बसली, आणि बाजारात नोटा परतल्या तशी रोखही परतली. यंत्रे बसवणे सोपे असते. त्यांच्यामागे रोज उभा राहणारा, पोट भरेल एवढे मिळवणारा आणि जबाबदार माणूस बसवणे अवघड असते.

स्त्रियांच्या खात्यांचा विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे, इथे एका गोष्टीपुरताच त्याला स्पर्श करता येईल. शेत बहुधा पुरुषाच्या नावावर असल्यामुळे शेतीचा पैसाही त्याच्याच खात्यावर येतो. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेच्या दरमहा १५०० रुपयांसाठी बायका बँकांसमोर रांगा लावून उभ्या राहिल्या, तेव्हा कित्येकींना प्रथमच कळले की आपल्या नावाचे आणखी एक खाते कधीतरी उघडले गेले होते आणि पैसे तिकडेच गेले. याचे कारण तांत्रिक आहे आणि ते सोप्या शब्दांत सांगता येते. एकाच व्यक्तीचा आधार क्रमांक ओळखीसाठी अनेक खात्यांना जोडता येतो, पण सरकारी पैसा कोणत्या खात्यात टाकायचा याच्या राष्ट्रीय यादीत एका आधारापुढे एकच बँक असते, आणि शेवटी जी जोडली गेली तीच राहते. हा एक नियम बचत गटाच्या बैठकीत नीट समजावला गेला असता तर कितीतरी हेलपाटे वाचले असते. राज्याच्या 'उमेद' या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांतील बँक सखी हे काम करतात तिथे फरक दिसतो, कारण सांगणारी बाई त्याच गल्लीतली असते आणि मोबाइल नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात आहे ही अडचण तिला सांगावी लागत नाही.

ऊस आणि सोयाबीन यांची तुलनाही बोलकी आहे. ऊस कारखान्याला गेला की १४ दिवसांत रास्त दराची रक्कम देण्याचे बंधन कायद्याने कारखान्यावर आहे, आणि ते बिल खात्यावरच येते. वजन किती, दर किती, कपात कशाची, हे बिलात लिहिलेले असते. म्हणून लातूरच्या मांजरा काठचा ऊस उत्पादक खात्याशी सरावलेला आहे. तो खतही त्याच खात्यातून घेतो आणि हप्ताही तिथूनच भरतो. सोयाबीनवाल्याचे तसे नाही. हंगामाआधी आडत्याकडून घेतलेली उचल, हमाली, तोलाई आणि बारदाना वजा जाता हाती पडेल ते घेऊन तो बाजारहाट करून घरी येतो. सालगड्याची आगाऊ रक्कम, आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरांची मजुरी, ऊसतोडीला जाणाऱ्यांना मुकादमाची उचल, हे सारे रोखीचे जग आहे. या जगात एकट्या शेतकऱ्याने डिजिटल होऊन चालत नाही, त्याच्याकडून पैसे घेणाराही तसा व्हावा लागतो. मोंढ्यातली पट्टीच जर खात्यावर आली, तीही कपातींच्या तपशिलासह आणि त्याच दिवशी, तर सोयाबीनवाल्यालाही उसवाल्यासारखी सवय लागेल.

फसवणुकीबद्दल एक वाक्य गावागावांत पाठ व्हायला हवे: पिन टाकला की पैसा जातो, पैसा येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. 'पीएम किसानचा हप्ता अडकला आहे, ही फाईल उघडा' असा संदेश आला आणि ती उघडली की मोबाइलचा ताबा दुसऱ्याकडे जातो. असे काही घडले तर लाज न बाळगता त्याच तासाला १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण पैसा पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता आला तरच परत मिळण्याची आशा असते. साधा मोबाइल असणाऱ्यांनाही २०२२ पासून फोन लावून पैसे पाठवण्याची सोय झालेली आहे. परंतु देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नड, तांड्यावर गोरमाटी आणि किनवटला गोंडी बोलणाऱ्या घरांत पुस्तकी मराठीतल्या सूचना कितपत पोहोचतात, याचा विचार कोण करणार? 'लाभार्थी जोडा' असे वाचून शेतकऱ्याला सरकारी योजना आठवते. त्याचा अर्थ 'ज्याला पैसे पाठवायचे त्याचे नाव लिहा' एवढाच आहे, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते.

मग करायचे काय? पहिले, शेतकऱ्याच्या बँक खात्यावर होल्ड लावण्याआधी त्याला लेखी नोटीस द्यावी. फेरफारासारखीच पंधरा दिवसांची मुदत असावी, आणि मदत, विमा, मजुरी व पेन्शन यांच्या रकमांना हात लावू नये. हे केवळ आदेशात राहू नये, बँकेच्या संगणकातच तसे बंधन घातले जावे. दुसरे, गावच्या सोसायट्यांचे संगणकीकरण २०२२ पासून देशभर हाती घेतले गेले आहे. सोसायटीच्या गटसचिवाला प्रत्येक सभासदाचा हिशोब ठाऊक असतो, म्हणून नवं-जुनं करण्याची सगळी प्रक्रिया गावात, त्याच्या टेबलावर, एका दिवसात पुरी करणे आज शक्य आहे. त्यासाठी इच्छा लागेल, आणि गटसचिवांचे पगारही वेळेवर व्हावे लागतील.

आणि पासबुक. जे यंत्र पासबुक छापते ते इंग्रजी आद्याक्षरांत छापते. शेतकऱ्याची मुलगी बारावी शिकलेली असली तरी 'एसीएच डेबिट' किंवा 'बाय ट्रान्सफर' म्हणजे नेमके काय, हे तिला कळत नाही. तिथे 'पीक विमा, सोयाबीन, खरीप' किंवा 'अपघात विम्याचा वार्षिक हप्ता, वीस रुपये' असे मराठीत छापायला कोणता कायदा आडवा येतो? जमिनीच्या नोंदींसाठी या राज्यात चावडी वाचनाची प्रथा आहे. उतारे गावासमोर मोठ्याने वाचले जातात आणि ज्याला चूक दिसेल तो तिथेच उभा राहून सांगतो. बँकेचे खाते खासगी असते, ते असे वाचता येणार नाही आणि वाचूही नये. पण १ मेच्या ग्रामसभेत नाव नसलेल्या एखाद्या नमुना पासबुकाचे वाचन करता येईल. बँक प्रतिनिधीने, गटसचिवाने किंवा बँक सखीने एकेक ओळ वाचावी आणि तिचा अर्थ सांगावा, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाने आपापले पासबुक मांडीवर उघडून तशी ओळ शोधावी. ज्याच्या पासबुकात न समजणारी ओळ निघेल त्याने बोट ठेवून ती दाखवावी, आणि ती रक्कम कोणी, कधी आणि कशासाठी कापली, याचे उत्तर बँकेच्या माणसाने त्याच सभेत, त्याच्याच भाषेत द्यावे.